भांडणाची पाटी

शालनबाई भांडणाकडे पाठ करून बसायच्या. व्हरांड्याच्या एका टोकाला खालच्या पायरीवर दोन पोरं एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात आहेत, आणि वरच्या पायरीवर बाई त्यांच्याकडे पाठ करून, मांडीवर ताट घेऊन खिचडीचे तांदूळ निवडतायत, हे दृश्य मी शाळेत रुजू झाले त्याच दिवशी पाहिलं. मी धावत जाऊन सांगितलं, "बाई, ती मुलं भांडतायत." तांदळातला खडा बोटाने बाजूला सारत त्या म्हणाल्या, "भांडू दे की. घाई कुनाला हाय? भांडनाला. आपल्याला न्हाई."

मला वाटलं, ही बाई एक तर बहिरी आहे, नाही तर कामचुकार. दोन्ही नव्हत्या, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यानंतरची जवळजवळ सहा वर्षं मी त्यांच्यावर जळण्यात घालवली. हेवा वाटायचा म्हटलं तर जरा बरं दिसतं, पण खरं सांगायचं तर मी जळायचेच.

शाळा भरे गावाच्या पुढे, आतल्या एका वाडीतली. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. पोरं अर्धी वाडीतल्या शेतकऱ्यांची, आणि अर्धी त्याच शेतकऱ्यांच्या खोल्यांत भाड्याने राहून पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची. मी लातूरकडची. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली, मारुंजीत फ्लॅट घेतला, आणि बदलीचे अर्ज भरून भरून मी एकदाची पुणे जिल्ह्यात आले. मानसशास्त्रात एम. ए. केलेलं, तेही नोकरी सांभाळून. वाडीतल्या पोरांना माझ्यासारखी शिक्षिका मिळतेय याचा मलाच केवढा आनंद झाला होता.

आणि समोर या शालनबाई. काळ्यासावळ्या, काटक, पाचवारी साडीखाली मुलाने घेऊन दिलेले खेळाडूंचे पांढरे बूट. चष्मा काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. पर्समध्ये सुईदोरा कायम. कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसलं की त्याला तिथेच उभा करायच्या, तोंडात काडी धरायला लावायच्या आणि अंगावरच बटण शिवायच्या. काडी तोंडात असल्यामुळे पोराला बोलता यायचं नाही. तेवढ्या वेळात त्याच्या घरचं सगळं त्या विचारून घ्यायच्या आणि तो नुसता मान हलवायचा.

वर्गात त्या वाडीचीच बोली बोलायच्या. हाय, न्हाई, लई, हितं. मला ते कानाला खटकायचं. एकदा मी म्हटलंसुद्धा, "बाई, मुलांसमोर प्रमाण भाषा बोलायला हवी ना?" त्या म्हणाल्या, "पुस्तकातलं पुस्तकासारखं वाचत्यात की. पन रडायला लागली की घरच्या भाषेतच रडत्यात ना गं, आश्विने." माझं नाव अश्विनी. मला 'आश्विने' म्हणणारी त्यांच्याखेरीज जगात फक्त माझी आजी होती, आणि तिला मी कधी माफ केलं नव्हतं.

आता पाटीबद्दल सांगते. त्यांच्या वर्गाच्या दारामागे एका खिळ्याला जुनी दगडी पाटी टांगलेली असायची. लाकडी चौकट, एक कोपरा उडालेला, तिथे तार गुंडाळलेली. बाई याच शाळेत पहिलीला होत्या तेव्हाची ती पाटी, म्हणे. शाळेत कुठल्याही दोघांचं भांडण झालं की त्यांनी ती पाटी काढायची आणि खालच्या पायरीवर येऊन बसायचं. आणि मग बाईंचे नियम सुरू व्हायचे.

पहिला नियम असा, की भांडायचं तर मानानं भांडायचं. एरवी एकमेकांना अरे-तुरे करा, टोपणनावं ठेवा, बाईंना त्याचं काही नव्हतं. पण भांडण सुरू झालं की 'अहो' आणि 'तुम्ही'. माझ्या पहिल्या दिवशीचं भांडण खोडरबराचं होतं. दुसरीतली दोन पोरं, डोळे लाल, नाकं वाहतायत, आणि चाललंय असं:

"अहो यश, तुमी माझं खोडरबर घेतलं."

"अहो आदित्य, मी न्हाई घेतलं. तुमीच पाडलं."

"अहो, तुमी खोटं बोलताय!"

"अहो, तुमाला दिसत न्हाई का!"

तिसऱ्या-चौथ्या 'अहो'ला आदित्यला हसू फुटलं. "माजी आय आमच्या आबांना आसंच म्हनती," तो म्हणाला, आणि मग दोघंही पोट धरून हसले. मला वाटलं मिटलं. पण बाईंनी मान वळवली नाही. "हासून मिटत नसतंय," त्या ताटाकडे बघतच म्हणाल्या. "पाटी घ्या."

कारण दुसरा नियम राहिला होता. पाटीवर आपली तक्रार लिहायची नाही. दुसऱ्याची लिहायची. यशने आदित्यची बाजू लिहायची, आदित्यने यशची. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. मग ते समोरच्याला दाखवायचं. तो म्हणाला, "व्हय, असंच झालं," तरच पुढे जायचं. तो म्हणाला, "न्हाई, अजून ऱ्हायलंय," तर पुसून पुन्हा लिहायचं. यशला चार वेळा लिहावं लागलं. चौथ्या वेळी त्याला कळलं, की आदित्य रबरासाठी रडत नव्हता. ते रबर त्याच्या मामाने पुण्याहून आणलेलं होतं आणि मामा आता येत नव्हता. यशने ते लिहिलं, आदित्य म्हणाला, "व्हय, असंच झालं," आणि तेव्हा कुठे बाईंनी तांदळाचं ताट खाली ठेवलं.

शेवटचा नियम पुसण्याचा. दोघांनी मिळून ओल्या फडक्याने पाटी पुसायची. पुसलं म्हणजे पुसलं. पुन्हा त्या भांडणाचा उल्लेख नाही, शाळेत नाही आणि घरीही नाही. बाई स्वतःसुद्धा कधी म्हणायच्या नाहीत, की परवा तू असं केलं होतंस. हे लिहायला घेण्याआधी मी त्यांना फोन केला, पोरांचं काही लिहू का म्हणून. त्या म्हणाल्या, "खोडरबराचं लिही. ते कुनाचंबी असतंय. नावं बदल. बाकीचं ऱ्हाऊ दे." तेव्हा नावं बदललेली आहेत, आणि बाकीचं राहू दिलेलं आहे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे सगळं गावठी वाटलं. मग लक्षात आलं की त्याने भांडण खरंच मिटतं, आणि मग मला राग यायला लागला. मी पुस्तकं वाचून, परीक्षा देऊन जे शिकले होते ते ही बाई तांदूळ निवडता निवडता करत होती. शिवाय पोरं. माझ्या वर्गातली एखादी मुलगी मैदानात पडली, की गुडघा धरून रडत रडत माझ्या वर्गाच्या दारावरून पुढे पळत जायची आणि बाईंच्या कमरेला मिठी मारायची. माझ्या दारावरून! मी तिथे उभी असायचे, हातात कापूस आणि औषध घेऊन. करवंदांच्या दिवसांत पहिला द्रोण त्यांच्या टेबलावर. माझ्या वाट्याला काय, तर रोज सकाळी एका सुरात, "गुड मॉर्निंग मॅडम." त्या बाई होत्या आणि मी मॅडम होते. मॅडमच्या कमरेला कुणी मिठी मारत नाही.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. माझ्या वर्गात मी 'मैत्रीचा कोपरा' केला. रंगीत कागद, हसऱ्या चेहऱ्यांचे तक्ते, 'सॉरी', 'थँक्यू', 'प्लीज'च्या फुलपाखरी पट्ट्या, सगळं पदरच्या पैशाने. भांडण झालं की कोपऱ्यात यायचं, हात मिळवायचा आणि एक-एक स्टिकर घेऊन जायचं. आठवडाभर कोपऱ्यात रांग लागली. मी खूश. मग एका दुपारी पाण्याच्या टाकीमागून मला ऐकू आलं, "चल ना रं, भांडू. मला आजून दोन ष्टिकर पायजेत." "न्हाई, आत्ताच भांडलोय की अंकितसंगं." "मग उद्या भांडशील का?"

मी कोपरा बंद केला. बाईंना हे कळलं असणारच, वाडीत काय लपतं? पण त्यांनी कधी चेष्टा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, निदान मला त्यांच्यावर चिडायला सरळ कारण मिळालं असतं. उलट माझ्या तक्त्यांतलं एक फुलपाखरू मागून नेलं आणि आपल्या वर्गात लावलं. ते पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सगळ्यात जास्त जळले मी ती पाण्याच्या टाकीची सभा झाली तेव्हा. व्हरांड्यात शाळा समितीची सभा होती आणि नवी टाकी कुठे बांधायची यावर तानाजीशेठ आणि मारुतीआप्पा यांची जुंपली होती. तानाजीशेठने रस्त्याकडेची जमीन विकून मोठी गाडी घेतलेली. आप्पा सत्तरीचे, त्यांच्या दारासमोरची मोकळी जागा टाकीसाठी धरलेली. आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. मी 'आपण शांतपणे चर्चा करू या' असं दोनदा म्हटलं, आणि कुणी ऐकलंही नाही. बाई उठल्या, दारामागून पाटी काढली आणि तानाजीशेठच्या पुढ्यात धरली.

"तान्या, बस खाली. आप्पांचं काय म्हननं हाय ते लिही."

सोन्याची साखळी घातलेला तो धिप्पाड माणूस मुकाट्याने पायरीवर बसला. एके काळी तो बाईंच्या वर्गात होता. "आनि आप्पा, तुमी त्याला अहो म्हनायचं," बाईंनी बजावलं. आप्पांनी कपाळाला हात लावला, पण म्हणाले, "अहो तानाजीराव, लिवा." सगळी सभा हसली. तानाजीरावांनी जीभ बाहेर काढून लिहिलं, की टाकी झाली तर आप्पांच्या म्हशी बांधायला जागा उरणार नाही.

आप्पा म्हणाले, "न्हाई. अजून ऱ्हायलंय."

"आता काय ऱ्हायलं?"

"तुमीच लिवा. तुमाला ठावं हाय."

तानाजीशेठने पाटी पुसली. मग लिहिलं, 'आप्पांना कुणी विचारलं न्हाई.' आप्पांनी वाचलं आणि म्हणाले, "व्हय. असंच झालं." टाकी नंतर शाळेच्या मागे झाली. घरी जाताना मारुंजीपर्यंत मी स्कूटीवर एकटीच बडबडत होते, की यात काय एवढं, हे तर कुणीही करू शकतं.

आणि मग तो कागद आला. पंचायत समितीकडून, शाळांमधल्या नव्या उपक्रमांची स्पर्धा. अहवाल लिहायचा, सोबत फोटो जोडायचे. मी बाईंना विचारलं. त्या बटण शिवत होत्या, दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "कागदं रंगवायला मला येळ न्हाई. तुला पायजे तर तू लिही." हे वाक्य मी नंतर किती वेळा स्वतःला ऐकवलं आहे, मोजदाद नाही. त्यांनी 'लिही' म्हटलं होतं हे खरंच आहे. पण 'स्वतःचं म्हणून लिही' असं काही म्हटलं नव्हतं.

मी उपक्रमाला 'सन्मान-संवाद' असं भारदस्त नाव दिलं. बावीस पानं लिहिली, सुरेख लिहिली. 'संकल्पना आणि मांडणी' यापुढे माझं नाव घातलं. शालनबाईंचं नाव 'सहकार्य' या सदरात, खिचडी करणाऱ्या मावशींच्या वर. आणि फोटो जोडले. आम्हा शिक्षकांना फोटोची सवयच लागलेली असते. रोप लावलं, टाका फोटो. हात धुतले, टाका फोटो. खिचडी शिजली, टाका फोटो. एखादी गोष्ट फोटो न काढता झाली तर ती झाली असं आम्हाला वाटतच नाही.

त्यात एक फोटो पाटीचा होता. स्वरा आणि ओम, तिसरीतली दोघं, सख्खी चुलत भावंडं. जमिनीच्या वाटणीवरून दोघांच्या बापांचं बोलणं बंद होतं, आणि वर्गात एकमेकांजवळ बसायचं नाही अशी घरून ताकीद होती. दिवाळीच्या सुट्टीआधी त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दोघं पाटी घेऊन पायरीवर बसली. एक अख्खी मधली सुट्टी गेली. शेवटी ओमने स्वराची बाजू अशी काही लिहिली, की ती नुसतं "व्हय" म्हणाली. मग दोघं फडकं ओलं करायला नळावर गेली. पाटी पायरीवर उताणी पडली होती. मी मोबाईल काढला.

त्या पाटीवर काय होतं, ते मी इथे लिहिणार नाही. ते एका घराच्या आतलं होतं. आठ वर्षांच्या पोराने आपल्या बहिणीसाठी ते लिहिलं होतं आणि लगेच पुसण्यासाठी लिहिलं होतं. मी ते एकदा छापलं, तेवढं पुरे झालं.

जानेवारीत पौडला बक्षीस समारंभ झाला. तालुक्यात पहिला नंबर. व्यासपीठामागे माझ्या उपक्रमाचा भला मोठा फ्लेक्स, त्यावर मी आणि माझ्या शेजारी ती पाटी, अक्षर न् अक्षर वाचता येईल इतकी मोठी. वाडीतले लोक टेम्पो करून आले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापैकी कुणीतरी फ्लेक्सचा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला. बाईही आल्या होत्या, मागच्या रांगेत. मी मंचावरून त्यांना शोधलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, फ्लेक्सकडे बघत होत्या. मला वाटलं, जळली! एकदा तरी जळली! खोटं कशाला सांगू, त्या क्षणाइतका आनंद मला त्या शाळेत कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे घेऊन गेले. बाईंनी पेढा घेतला, म्हणाल्या, "अभिनंदन. तुम्ही बसा, हजेरी मी घेते."

मी बसले. मग लक्षात आलं. तुम्ही!

त्यानंतर 'आश्विने' बंद झालं. 'गं' बंद झालं. "मॅडम, तुमची सही राहिलीय." "मॅडम, तुम्ही जेवून घ्या." आवाजात राग नाही, टोमणा नाही. जेवताना भाजी वाढणं तसंच. मी मनाशी म्हटलं, नावासाठी रुसली. बस म्हणावं रुसून. मला कुठे गरज आहे 'आश्विने'ची?

आठवड्याने ओमचे वडील दाखला मागायला आले. "इंग्लिश मीडियमला घालायचाय," एवढंच म्हणाले. त्यात नवल नव्हतं. जमीन विकली की पोरं पिवळ्या बसने मोठ्या रस्त्यावरच्या शाळेत जायला लागतात. मी स्वतःला हेच सांगितलं. स्वरा बाकावर एकटी बसायला लागली. तिला आता कुणी ताकीद द्यायची गरज उरली नव्हती.

आणि पाटी खिळ्यावरून निघेना. भांडणं होत होती, पण शाळेच्या भिंतीपलीकडे, ओरबाडून, शर्ट फाडून. बटणं पूर्वीपेक्षा जास्त तुटायला लागली. पायरी रिकामी. बाई तांदूळ घेऊन तिथेच बसायच्या, सवयीने पाठ करून, आणि मागे कुणी नसायचं. उन्हाळ्याची सुट्टी झाली, शाळा पुन्हा भरली, पावसाळा सरला. पाटीवर धूळ बसली.

ऑक्टोबरमध्ये माझ्याच वर्गातल्या दोन मुली वेणी ओढण्यावरून भांडत होत्या. मी म्हटलं, "जा, पाटी घ्या."

एक म्हणाली, "नको मॅडम."

"का गं?"

"फोटू निघतो."

दुसरीने मान डोलावली. मग पहिली अगदी सहज म्हणाली, "मॅडम, बाईंचं नि तुमचं भांडान झालंय ना? त्या तुमाला तुमी म्हनत्यात. मग तुमी पाटी का न्हाई घेत?"

सात वर्षांच्या मुलीला जे कळत होतं ते मला, मानसशास्त्राच्या एम. ए.ला, नऊ महिने कळलं नव्हतं. खरं म्हणजे कळलं होतं. बाई भांडत होत्या, आपल्या नियमाने, मानाने. त्या फक्त थांबल्या होत्या. घाई त्यांना नव्हतीच. तरीही मी पाटी काढली नाही, कारण काढली असती तर त्यांची बाजू मला लिहावी लागली असती.

नोव्हेंबरअखेर बाई निवृत्त झाल्या. व्हरांड्यात फुगे लावले होते, शाल, नारळ, जिलेबी. तानाजीशेठ भाषणात रडला. बाई दोन मिनिटं बोलल्या, त्यातलं दीड मिनिट खिचडीच्या तांदळाची पोती कोरड्या जागी ठेवण्याबद्दल. चारच्या सुमारास मंडळी पांगली. उरलेल्या जिलेबीसाठी घुटमळणारी चार-दोन पोरं फुगे फोडत होती. बाई वरच्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होत्या.

मी दारामागची पाटी काढली, धूळ झटकली आणि खालच्या पायरीवर जाऊन बसले. लिहिलं, 'तुमच्या उपक्रमाला मी माझं नाव दिलं.' पाटी वर धरली.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, वाचलं. "न्हाई. अजून ऱ्हायलंय."

मी पुसलं. लिहिलं, 'बक्षीस मी एकटीने घेतलं. तुम्हाला मंचावर बोलावलं नाही.'

"न्हाई," बाई म्हणाल्या. "त्या नावाचं काय मी लोनचं घालू? अजून ऱ्हायलंय."

मला ठाऊक होतं काय राहिलंय ते. सोपा गुन्हा आधी कबूल करून सुटता येतं का, ते मी बघत होते. पाटी पुन्हा पुसली. मग लिहिलं, 'ओमने आणि स्वराने ते पुसलं होतं. मी पुसू दिलं नाही.'

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पदराने चष्मा पुसला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "असंच झालं."

मला वाटलं संपलं. पण त्यांनी माझ्या हातातून पाटी घेतली, पदराने पुसली आणि पेन्सिल मागितली. मी विसरलेच होते. आता माझी बाजू त्या लिहिणार होत्या. माझी कसली बाजू? मला कुठे बाजू होती? त्या पाटीवर वाकून सावकाश, वळणदार अक्षरात लिहीत होत्या, आणि मग त्यांनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली.

'आश्विनीला वाटायचं, पोरांनी तिच्याकडंबी यावं. मी कधी त्यांना तिच्याकडं धाडलं न्हाई.'

मी ते वाचलं आणि मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी त्या बाईवर जळत होते, आणि ती जळजळ कशाची होती, हे त्यांनी एका ओळीत लिहून वर स्वतःची चूक म्हणून मांडलं होतं. नियम असा, की पटलं तर म्हणायचं. "व्हय," मी म्हटलं. माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली. "असंच झालं."

मोबाईल पर्समध्ये होता. त्या ओळीचा फोटो काढून ठेवावा असं मला इतकं वाटलं, की हात पर्सपर्यंत गेला. बाई बघत होत्या. मी हात मागे घेतला. आम्ही दोघींनी मिळून पाटी पुसली.

"चल गं, आश्विने," त्या उठल्या. "पोरगा फाट्यावर गाडी घिऊन उभा ऱ्हायलाय. तांदूळ तेवढे बघ."

त्या फाटकापाशी पोचल्या असतील नसतील, तोच मागून स्वरा आणि दुसरीतला एक मुलगा फुग्यावरून झोंबत त्यांच्याकडे धावले. "बाई, बाई, हा बघा!" बाई वळल्या. नेहमीसारखा एक हात त्या पोराच्या डोक्याकडे गेलाही. मग तो हात त्यांनी उचलला आणि माझ्याकडे दाखवला.

"मॅडमकडं जा," त्या म्हणाल्या.

दोघं रेंगाळत माझ्याकडे आली. स्वराने आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे. मी मोबाईल काढला, आत जाऊन कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली आणून तिच्या हातात दिली. तिने किल्ली मुठीत घट्ट धरली. मग पाटी घेतली.

मी वरच्या पायरीवर त्यांच्याकडे पाठ करून बसले. माझ्या मागे कुणीतरी नाक ओढत म्हणालं, "अहो स्वरा, तुमी माझा फुगा फोडला." मान वळवायची नाही, हे किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. म्हणून मी समोर बघत राहिले. समोर व्हरांड्याच्या दुसऱ्या बाजूला फाटक होतं आणि त्यापलीकडे फाट्याकडे जाणारा रस्ता. बाई पांढऱ्या बुटांनी भरभर चालल्या होत्या, आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.